काक्षी मंदावला तो हिवाळा

तिचं खरं नाव कागदोपत्री होतं. बाकी सगळीकडे ती भिंगरी. हे नाव तिच्या थोरल्या भावानं, दादानं, ती चार वर्षांची असताना ठेवलं आणि पन्नाशी उलटली तरी ते सुटलं नाही. सुटणार कसं? एका जागी बूड टेकणं तिला ठाऊकच नव्हतं. जेवताना दोनदा उठणार, बोलता बोलता खिडकी उघडून येणार, कुणाकडे गेली तर दारातच "निघते हं मी" म्हणणार आणि मग तासभर उभ्यानंच गप्पा मारणार. घरातल्या जुन्या फोटोत सगळं कुटुंब स्वच्छ दिसतं, फक्त उजव्या टोकाला एक पांढुरका झपाटा आहे. ती भिंगरी. फोटोवाल्यानं तीनदा फोटो काढला, तिन्ही वेळा तो झपाटा तसाच.

नोकऱ्यांचंही तेच. शाळेच्या कचेरीत चार महिने, टेलिफोनच्या केंद्रात सात, शिवणाच्या कारखान्यात तर मोजून अकरा दिवस. "हिच्या अंगात वारं शिरलंय," आई म्हणायची, "हिला काम नको, मैदान हवं." शेवटी ती कापड रंगवायच्या कारखान्यात शेड, म्हणजे रंगाची छटा, तपासायच्या खोलीत लागली आणि सगळ्यांना तोंडात बोटं घालायला लावत तिथं एकोणीस वर्षं टिकली.

त्या खोलीतलं काम असं. गिऱ्हाइकानं पाठवलेला तुकडा आणि आपल्याकडे रंगून निघालेला तुकडा शेजारी शेजारी करड्या पेटीत ठेवायचे, ठरावीक उजेड लावायचा, आणि सांगायचं: जुळला की नाही, नसेल तर किती पिवळा गेला, किती निळा गेला. नव्या मुली वाकून वाकून, टक लावून बघायच्या आणि हमखास चुकायच्या. डोळा फार लवकर थकतो. लाल तुकड्याकडे अर्धा मिनिट एकसारखं पाहिलं की तो मळका वाटायला लागतो. भिंगरी एक नजर टाकायची, मान फिरवायची, करड्या भिंतीकडे पाहायची, परत एक नजर. "पिवळा आहे. चिमूटभर." संपलं. मधे रंग मोजायचं यंत्रही आलं. पण यंत्राचं आणि भिंगरीचं उत्तर जुळलं नाही, की रंगमास्तर, म्हणजे खात्याचे प्रमुख, यंत्र दुरुस्तीला पाठवायचे.

दादा तिच्या अगदी उलट. गल्लीच्या पलीकडे त्याचं घर, तळमजल्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान. सकाळी स्टुलावर बसला की डोळ्याला भिंग आणि पुढ्यात उघडं घड्याळ. चार-चार तास मान वर करायचा नाही. आणि एकतीस वर्षं त्यानं एकच छंद केला होता. जेवण झालं की गच्चीवर जायचं, मृग नक्षत्रातल्या काक्षी नावाच्या तांबड्या ताऱ्याकडे पाहायचं, आणि तो आज किती तेजस्वी आहे याचा आकडा वहीत लिहायचा. महिन्याच्या शेवटी वहिनी ते आकडे संगणकावर चढवून ताऱ्यांची निरीक्षणं गोळा करणाऱ्या एका मंडळाला पाठवत. जगभरची माणसं असे आकडे पाठवतात, असं दादा सांगायचा. भिंगरीला त्यात काय गंमत आहे ते कधी कळलं नाही. सुरुवातीला दादानं तिला दोनदा गच्चीवर नेलं होतं. दोन्ही वेळा ती मृगाचा बाण सापडायच्या आत जिन्यावरून खाली पळाली होती.

त्या वर्षी शरद संपता संपता दादाचं काम बिघडायला लागलं. एका बाईंचं घड्याळ तीनदा परत आलं. तिसऱ्यांदा त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं घड्याळ काउंटरवर ठेवून उभ्या राहिल्या. दादाला ते जास्त लागलं. मग एक स्क्रू पडला. तांदळाच्या कणीपेक्षा बारीक. दादा आणि वहिनी दोघं गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत राहिले, तो सापडला नाही तो नाहीच. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगलाच पिकलाय, ऑपरेशन करून टाका. दादा म्हणाला, बघू. पुढच्या आठवड्यातही म्हणाला, बघू. वहिनींनी एकदा भिंगरीला बाजूला घेतलं.

"घाबरलाय गं तो. बोलत नाही, पण रात्री उठून बसतो."

"दादा? आणि घाबरलाय?"

"डोळ्यात पातं घालणार म्हटल्यावर कोण नाही घाबरत? तू बोल त्याच्याशी. पण उभ्या उभ्या नको बोलूस."

भिंगरी बोलायला गेली, पण दादानं विषयच दुसरा काढला. तो गच्चीवर खुर्ची टाकून बसला होता. नोव्हेंबरची अखेर, रात्रीचे साडेनऊ-दहा वाजलेले, हवेत गारवा.

"प्रत्येक ताऱ्याला केस फुटल्यासारखं दिसतंय मला," तो म्हणाला. "भिंगरे, माझ्यासाठी एवढं करशील? रोज रात्री येऊन काक्षी बघशील? वहीत खंड नको पडायला."

भिंगरीला हसू आलं. "मी? अरे, मला दूध उतू जाईपर्यंत चुलीपाशी उभं राहता येत नाही."

"पाच मिनिटांचं काम आहे."

"पाच मिनिटं म्हणजे माझ्या हिशेबानं आठवडा."

पण नाही म्हणवलं नाही. दादानं आजवर तिच्याकडे काही मागितलंच नव्हतं.

मग सुरू झालं शिकवणं. दादा खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकणार आणि भिंगरी पाण्याच्या टाक्यांच्या मधून येरझाऱ्या घालणार. मृगाचे चार पाय, मधे बाणाचे तीन तारे. चारपैकी एका कोपऱ्यात तांबूस काक्षी, तिरक्या समोरच्या कोपऱ्यात निळसर पांढरा राजन्य. वर रोहिणी, डावीकडे खाली प्रश्वा, प्रश्वाच्या वर पुनर्वसूचा जोड. यांची तेजस्विता ठरलेली, आकडे पक्के. आकडा जितका मोठा तितका तारा मंद. राजन्य शून्याच्या जवळ, रोहिणी शून्य पूर्णांक नऊ, बाणातले दोन तारे पावणेदोनच्या आसपास. काक्षीपेक्षा थोडा ठळक एक शोधायचा, थोडा मंद एक शोधायचा, आणि काक्षी त्या दोघांच्या मधे नेमका कुठं बसतो ते सांगायचं.

"हे तर शेड जुळवणंच झालं की रे," भिंगरी म्हणाली.

"झालं ना? आणि एक लक्षात ठेव. तांबड्या ताऱ्याकडे टक लावायची नाही. जितकं जास्त पाहशील तितका तो उजळ वाटत जातो. नवशिके तिथंच फसतात."

भिंगरी थबकली. कारखान्यात लाल कापड बघत राहिलं तर मळतं, आणि इथं लाल तारा बघत राहिलं तर उजळतो. पण दोन्हीकडे दगा देते ती टक लावून बघायची सवयच. तिनं काक्षीवर नजर टाकली, काढली. रोहिणीवर टाकली, काढली. अंधाऱ्या कोपऱ्याकडे पाहिलं. परत काक्षी.

"रोहिणीएवढाच आहे. शून्य पूर्णांक नऊ."

दादा हसला. "नीट बघ. पाच असेल. गेल्या महिन्यात मीच पाच लिहिलाय."

"नऊ आहे."

"बरं, पहिलाच दिवस आहे," दादा म्हणाला, आणि वहीत तिच्याकडून शून्य पूर्णांक सात लिहून घेतलं. भिंगरीला ते मुळीच आवडलं नाही. कारखान्यात कुणी तिच्या शेडमध्ये असा भाव पाडून मागितला नव्हता.

तरी ती रोज जायला लागली. आणि येरझाऱ्या घालता घालता तिनं दादाला प्रश्न विचारायला सुरुवात केली, कारण गप्प बसणं तिच्या हातचं नव्हतं.

"हा एवढा मोठा कशानं झाला?"

"म्हातारपणानं," दादा म्हणाला. "म्हातारपण म्हणजे वय नव्हे हं. आपल्या सूर्याचं वय साडेचारशे कोटी वर्षं, आणि अजून तो भर उमेदीत आहे. हा जेमतेम एक कोटी वर्षांचा असेल. पण जन्मला तोच भला दांडगा, सूर्याच्या पंधरा-वीस पट वजनाचा. जितका तारा जड, तितकी पोटातली आग भडक. जळण जास्त, पण उधळपट्टी त्याहून जास्त. गाभ्यातला हायड्रोजन संपला, आता हेलियम जाळतोय. गाभा आत दबतो आणि बाहेरचं अंग फुगत जातं. सूर्याच्या जागी आणून ठेवला तर पृथ्वीला गिळेल, मंगळाला गिळेल, गुरूच्या वाटेपर्यंत पोचेल."

"आणि मग?"

"फुगला म्हणजे वरचं अंग गाभ्यापासून फार लांब गेलं. पकड सैल झाली. त्याला धड पृष्ठभागच नाही बघ. उकळत्या पातेल्यासारखे बुडबुडे येतात, एकेक बुडबुडा केवढा, तर कित्येक सूर्य मावतील त्यात. ते वर येतात, थंड होतात, खाली जातात. वायू सारखा अंगावरून गळत असतो. सगळा तारा आकसतो, फुगतो. चारशे दिवसांत एक फेरा, साधारण. पण साधारणच. मी एकतीस वर्षं मोजतोय, दोन फेरे सारखे नाहीत." घड्याळजीच्या आवाजात थोडा राग होता, थोडं कौतुक.

"आणि मग?"

"मग हेलियम संपेल. मग कार्बन जाळेल, मग निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन. प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा झटपट. हेलियम लाखो वर्षं पुरतो, कार्बन काही शे वर्षं, आणि शेवटचं सिलिकॉन जेमतेम एखादा दिवस. गाभ्यात लोखंड तयार झालं की संपलं. लोखंड जाळून काही मिळत नाही. क्षणात गाभा कोसळतो आणि तारा फुटतो."

"कधी?"

"येत्या लाखभर वर्षांत."

"लाखभर म्हणजे उद्याही?"

"उद्याही. आणि त्याचा प्रकाश इथं यायला साडेपाचशे-सहाशे वर्षं लागतात. म्हणजे कदाचित फुटूनही गेला असेल."

भिंगरीला त्या रात्री जेवण गेलं नाही. एवढी मोठी गोष्ट, आणि होऊन गेली की व्हायची आहे हेसुद्धा माहीत नाही! तिचा नवरा स्वभावानं थंड. कारखान्याची बस चालवायचा आणि घरी आला की खुर्चीला चिकटायचा. तो म्हणाला, "लाख वर्षं आहेत म्हणतोय ना दादा? भाकरी खायला वेळ आहे मग. बस खाली."

डिसेंबर उजाडला आणि तारा उतरायला लागला. भिंगरीच्या नजरेला एक, मग एक पूर्णांक एक. दादा ऐकून घेई आणि मान हलवी. एके संध्याकाळी ती म्हणाली, "एक पूर्णांक दोन. पुनर्वसूच्या ठळक ताऱ्याच्याही खाली गेलाय." दादानं पेन्सिल खाली ठेवली.

"एकतीस वर्षांत मी तो एवढा खाली पाहिलेला नाही."

"आता मी पाहतेय."

"भिंगरे, तू उभी तरी राहतेस का एका जागी? मला अजूनही दिसतो तो. बाकीचे पुसट झाले, पण काक्षी ठळक दिसतो. तुला रोज काहीतरी नवं लागतं. जे दिसतंय ते सांगतेस, की जे दिसावंसं वाटतं ते?"

भिंगरी तडक जिना उतरली, गल्ली ओलांडली आणि घरात येऊन उगाचच कपाट आवरायला काढलं. उभी राहत नाहीस. हे वाक्य तिनं शाळेत ऐकलं होतं, टेलिफोनच्या केंद्रात ऐकलं होतं, आईच्या तोंडून ऐकलं होतं. दादानं मात्र आजवर ते हसत म्हटलं होतं.

तीन दिवस ती दादाकडे गेली नाही. पण आपल्या गच्चीवर जायची, आणि एकदा नाही, एका संध्याकाळी चार-चारदा, पाच-पाचदा. कपडे वाळत घालायच्या निमित्तानं, टाकी बघायच्या निमित्तानं, शेवटी निमित्ताशिवाय. दर वेळी तेच उत्तर यायचं आणि दर वेळी जिना उतरताना वाटायचं, चुकलं तर नसेल? लेक दुसऱ्या गावी शिकायला होती, तिनं फोनवर विचारलं, "आई, तू धापा का टाकतेयस?" भिंगरी म्हणाली, "एक तारा बुडतोय." लेक म्हणाली, "बाबांना फोन दे."

आणि मग मनात दुसरी भीती शिरली. आपलंही वय बावन्न. डोळे आपलेच खराब झाले असतील तर? मग तारा तर सोडाच, एकोणीस वर्षांच्या नोकरीचं काय?

शेड तपासणाऱ्यांची वर्षातून एकदा नजरेची परीक्षा होते. चार लांबट पेट्या असतात, प्रत्येकीत रंगीत चकत्या, एकवीस-बावीस. दोन टोकांच्या पक्क्या बसवलेल्या, मधल्या विस्कटून द्यायच्या आणि रंग एकातून दुसऱ्यात हळूहळू सरकत जाईल अशा ओळीनं लावायच्या. चकतीच्या पाठीवर नंबर असतो, पालथी केली की चूक कळते. भिंगरीची पाळी मार्चमध्ये होती. ती रंगमास्तरांकडे गेली.

"माझी आत्ता घ्या."

"का? काय झालं?"

"काही नाही. घ्या."

ऐंशीच्या वर चकत्यांत तिची एकच जागा चुकली, तीही शेजारच्या दोघींची अदलाबदल. रंगमास्तर म्हणाले, "गेल्या वर्षी दोन चुकल्या होत्या. तुझी नजर तरुण होत चाललीय." मग तिला एकदम सुचलं, आणि सुचलं तशी ती बोलून गेली: "एका दिवसासाठी ह्या पेट्या घरी नेऊ?"

रविवारी दुपारी, खिडकीतून भरपूर उजेड येत असताना, तिनं त्या पेट्या दादाच्या टेबलावर मांडल्या. खरं सांगायचं तर ती रागानंच गेली होती. कोण नीट बघतं आणि कोण नाही ते एकदा होऊन जाऊ दे, हातच्या कांकणाला आरसा कशाला.

"खेळ आणलाय तुझ्यासाठी," ती म्हणाली.

दादाला खेळ आवडला. तो मन लावून बसला. घड्याळाच्या चाकांवर फिरणारी ती बोटं एकेक चकती उचलत, दुसरीशेजारी धरत, परत ठेवत, परत उचलत होती. भिंगरी खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत जात राहिली. पाऊण तास गेला. वहिनींनी आणलेला चहा निवून गेला. शेवटी दादा मागं टेकला आणि समाधानानं म्हणाला, "झालं. बघ, कसं एकसारखं सरकतंय."

भिंगरीनं पेट्यांकडे पाहिलं. पालथ्या करायची गरजच नव्हती. तांबड्या-पिवळ्या बाजूला थोडंफार ठीक होतं. पण निळ्या-हिरव्याची पेटी म्हणजे विस्कटलेली रांगोळी. तरी तिनं एकेक उलटली: अठ्ठेचाळीस, बावन्न, सेहेचाळीस, पन्नास. एवढ्या शांतपणे, एवढ्या काळजीनं लावलेली आणि एवढी चूक. तिचा राग कुठल्या कुठं गेला. पेट्या उचलून पळून जावंसं वाटलं.

"किती?" दादानं विचारलं.

"दादा..."

"किती चुकल्या ते सांग."

ती, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "निळ्यातल्या जवळजवळ सगळ्या. मोतीबिंदूनं डोळ्यावर पिवळा पडदा येतो, आमच्याकडे एका म्हाताऱ्या तपासनिसाचं असंच झालं होतं. निळं त्यातून गाळलं जातं, तांबडं तेवढं येतं. तू काक्षीला राजन्याशी ताडून बघतोस ना? राजन्य निळा. तुला तो मंद दिसतो, आणि म्हणून काक्षी ठळक."

दादानं उलटलेल्या चकत्या सरळ केल्या. मग उठला, कपाटातून वह्या काढल्या आणि तिच्यापुढं ठेवल्या. "वाच. मंडळाची सरासरी मी समासात लिहीत आलोय. माझा आकडा आणि समासातला आकडा. मागून पुढं वाचत ये."

भिंगरी वाचत गेली. जुन्या वह्यांत दोन्ही आकडे हातात हात घालून चालत होते. मग पाच वर्षांपूर्वीपासून हळूहळू दादाचा काक्षी बाकीच्यांच्या काक्षीपेक्षा उजळ व्हायला लागला होता. आधी जरासा, मग दोन दशांश, मग तीन.

"मला वाटायचं बाकीचे घाई करतात," दादा म्हणाला. "पाच वर्षं."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी फक्त निवलेले कप उचलले.

त्या संध्याकाळी दादानं मजकूर सांगितला आणि भिंगरीनं मंडळाला पत्र लिहिलं. माझ्या दृष्टीत दोष निर्माण झाल्यामुळे गेल्या पाच वर्षांची माझी निरीक्षणं शंकास्पद मानावीत. एवढंच. मग तो म्हणाला, "आता खाली तुझे आकडे लिही. तुझे खरे, मी भाव पाडलेले नव्हेत. आणि सही तुझी कर."

उत्तर तिसऱ्याच दिवशी आलं. मंडळाच्या चिटणीस बाईंनी लिहिलं होतं, की असं प्रामाणिक पत्र क्वचित येतं. पाच वर्षांच्या नोंदींवर खूण केली आहे, खोडलेल्या नाहीत. आणि नव्या निरीक्षकांचे आकडे इतर देशांतल्या आकड्यांशी तंतोतंत जुळतात. काक्षी खरोखरच मंदावतो आहे, इतका की पूर्वीच्या नोंदींत असं क्वचितच सापडावं. कृपया रोज पाहावं.

रोज पाहावं! भिंगरीला हे सांगायला हवं होतं का? आठ दिवसांत बातमी वर्तमानपत्रांतही आली आणि जो तो म्हणायला लागला की तारा फुटणार. कारखान्यात दिवसाची सुरुवातच "फुटला का गं?" अशी व्हायची. रंगाच्या पिंपांवरचा एक जण म्हणाला, "फुटला तर सुट्टी मिळेल का ते विचार." दादा सांगत होता, मंदावला म्हणजे फुटणार असं काही नसतं, आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. पण भिंगरीला धीर नव्हता. तिला वाटायचं, हा फुटला, दिवसाढवळ्या दिसेल इतका लखलखला, अख्ख्या जगानं पाहिला, आणि ज्यानं एकतीस वर्षं त्याची सोबत केली त्याला फक्त एक धुरकट डाग दिसला तर?

जानेवारीतल्या एका सकाळी, कामावर जाता जाता, ती दुकानात शिरली.

"दादा, उद्या डॉक्टरांकडे जायचं."

"बघू."

"बघू नाही. बघता येत नाही म्हणूनच जायचं. तू रोज दुसऱ्यांची घड्याळं उघडतोस, चालू घड्याळं. कधी कुठलं घड्याळ नको म्हणालं?"

"घड्याळाला कळत नाही."

"तुलाही कळणार नाही, डोळा बधिर करतात. मी बाहेर थांबेन."

दादानं तिच्याकडे पाहिलं. "तू? थांबशील?"

"फिरत थांबेन."

ती फिरतच थांबली. दवाखान्याच्या बोळात तिनं इतक्या फेऱ्या मारल्या की शेवटी नर्स म्हणाली, "बाई, पेशंट तुम्ही आहात का?" वहिनी बाकावर स्वस्थ विणत बसल्या होत्या, पण त्यांचे टाके चुकत होते. वीस मिनिटांत दादा बाहेर आला, डोळ्यावर पट्टी, चेहऱ्यावर आश्चर्य. "झालं?" तो म्हणाला. "एवढंच?"

आठवडाभरानं, फेब्रुवारीत, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तिघं गच्चीवर गेले. भिंगरीनं आधीच बजावलं होतं, आपापला आकडा कागदावर लिहायचा, बोलायचं नाही. दादा कठड्याला धरून उभा राहिला. बरा झालेला डोळा उघडा, दुसऱ्यावर हात. पण त्यानं काक्षीकडे पाहिलंच नाही. तो राजन्याकडे बघत राहिला.

"हा निळा आहे," तो म्हणाला. "अगं, हा निळा आहे."

दुसऱ्या डोळ्यावरचा हात काढला, परत ठेवला. एका डोळ्यानं निळसर, दुसऱ्यानं पिठूळ पिवळा. असं त्यानं पाच-सहा वेळा केलं. वहिनी म्हणाल्या, "पुरे आता, लहान मुलासारखं," आणि पदर डोळ्याला लावला.

मग त्यानं काक्षी पाहिला. मृगाचा तो कोपरा खरंच विझत आल्यासारखा दिसत होता, शेजारच्या पायाएवढाच, रांगेतल्या कुठल्याही ताऱ्यासारखा. दोघांनी कागद उघडले. भिंगरीचा एक पूर्णांक सहा, दादाचा एक पूर्णांक पाच.

"माझं बरोबर," भिंगरी म्हणाली.

"तुझंच असेल," दादा म्हणाला.

तो फुटला नाही. फेब्रुवारी संपता संपता थांबला, मार्चमध्ये चढायला लागला आणि एप्रिलपर्यंत जवळजवळ पूर्वीसारखा झाला. कारखान्यात लोक भिंगरीवर रुसले, जणू तिनंच कबूल करून फसवलं. पुढं शास्त्रज्ञांनी जे शोधलं ते चिटणीस बाईंनी पत्रातून कळवलं: ताऱ्यानं आपल्या अंगावरचा वायूचा एक प्रचंड लोट बाहेर फेकला, तो दूर जाऊन निवला, त्याची धूळ झाली, आणि ती धूळ नेमकी आपल्या आणि ताऱ्याच्या मधे आली. जिथून लोट निघाला तिथली त्वचाही थंडावली होती. दादानं ते पत्र दुकानात काउंटरच्या काचेखाली ठेवलं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन त्यानं स्वतःच दिवस ठरवून करून घेतलं. ज्यांचं घड्याळ तीनदा परत आलं होतं त्या बाईंना बोलावून त्यानं ते त्यांच्यासमोर दुरुस्त करून दिलं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात काक्षी मावळतीच्या उजेडात बुडाला. भिंगरी दोन संध्याकाळी क्षितिजाकडे बघत गच्चीभर फिरली, मग दादाकडे आली.

"दिसत नाही."

"दिसणार नाही. सूर्याच्या मागं गेला. आता ऑगस्टमध्ये, पहाटे."

"ऑगस्ट? तोवर त्याचं काही झालं तर?"

"तर ऑगस्टमध्ये कळेल. वाट बघायची."

"दादा, मी तेवढी वाट नाही बघू शकत."

दादा हसला, पूर्वीसारखा. मग तिला आग्नेयेच्या बाजूला घेऊन गेला. तिकडं इमारतींच्या वर वृश्चिक नुकतं डोकं काढत होतं, आणि त्याच्या ऐन मधोमध एक तांबडा ठिपका. ज्येष्ठा. हासुद्धा काक्षीसारखाच दांडगा, हासुद्धा फुगलेला, गळणारा, कधीतरी फुटणारा. आता काही महिने संध्याकाळचा दिसतो. दादानं त्याची वही कधी ठेवली नव्हती, एका ताऱ्यातच त्याचं आयुष्य पुरलं होतं.

"याच्याशी ताडायला कुठले तारे घ्यायचे?" भिंगरीनं विचारलं, आणि दादा सांगायच्या आत कागद शोधायला जिना उतरून गेली.